लिंबाचा शेंडा पिवळा, टोमॅटोची खालची पानं पिवळी, पालक सगळाच फिकट: कमतरता की मातीचा सामू (पीएच)?

कुंडीतली_बाग

तीन ठिकाणी पानं पिवळी पडली आहेत आणि तिन्ही ठिकाणचा पिवळेपणा वेगळा दिसतोय. लागवड पूर्ण सेंद्रिय आहे.

लिंबू ४० लिटरच्या कुंडीत आहे. माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात, दोन वर्षं तेच मिश्रण. शेंड्याची नवी पानं सायीच्या रंगाची, त्यात शिरांची बारीक हिरवी जाळी. खालची जून पानं मात्र गडद हिरवी.

टोमॅटो जमिनीतल्या वाफ्यात आहेत. तिथे बरोब्बर उलट. शेंडा हिरवागार, खालच्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा. फळं धरलेली आहेत.

पालक शेजारच्या वाफ्यात. महिन्यापूर्वी माती भुसभुशीत व्हावी म्हणून लाकडाचा भुसा मिसळला होता. आता सगळं रोपच फिकट, वाढ थांबलेली.

आतापर्यंत दिलेलं: महिन्यातून एकदा गांडूळखत, दर १५ दिवसांनी मूठभर लाकडाची राख, हाडांचं खत आणि अंड्यांच्या टरफलांची पूड. पाणी बोअरचं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. मातीत खुपसायचा दोन सळ्यांचा मीटर सगळीकडे ७ दाखवतो, म्हणजे सामू ठीक आहे असं धरू का? आणि गांडूळखत वाढवावं, की हिराकस (फेरस सल्फेट) द्यावं? हिराकस सेंद्रियात बसतं का?

पांढरी_मुळी

आधी एक विनंती: पुढचे आठ दिवस कुठेच काहीही घालू नका. पिवळं पान एवढंच सांगतं की अमुक अन्नद्रव्य पानापर्यंत पोहोचलं नाही. ते मातीत नाही, मातीत आहे पण अडकलंय, की मुळीच ते उचलू शकत नाहीये, हे पान सांगत नाही. तुम्ही वर्णन केलेल्या तीन ठिकाणी मला तीन वेगळी कारणं दिसतात, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला मारक ठरेल.

पहिला प्रश्न नेहमी हाच: सुरुवात जून पानांत झाली की शेंड्यात? नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही झाडात फिरणारी द्रव्यं. कमी पडली की झाड ती जून पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी बिघडतात. लोह, मँगनीज, बोरॉन आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत, जस्त आणि गंधकही फारसे हलत नाहीत. त्यामुळे यांची टंचाई नव्या पालवीवर दिसते.

दुसरा प्रश्न नक्षीचा. नत्र कमी असेल तर जून पान सरसकट फिकट होतं, शिरांसकट. गंधकाचंही तसंच, पण ते शेंड्याकडून सुरू होतं. या दोघांत गल्लत फार होते. पालाश कमी असेल तर जून पानाची कड करपते, आतला भाग बराच काळ हिरवा राहतो. मॅग्नेशियममध्ये मुख्य शीर आणि तिच्या लगतचा पट्टा हिरवा राहून मधले भाग पिवळे होतात. लोहाच्या केवड्यात (लोहाअभावी पान पिवळं पडण्यात) तुम्ही सांगितलीत तीच जाळी दिसते: शीर रेघेसारखी बारीक हिरवी, बाकी पान फिकट, आणि सर्वात कोवळं पान सर्वात वाईट. मँगनीजची नक्षी जवळपास तशीच, पण शिरेच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग धूसर पसरलेला असतो. जस्तात पानं आखूड आणि अरुंद होतात, पेरं जवळ येऊन शेंड्याला झुपका होतो. बोरॉनमध्ये शेंड्याचा डोळाच मरतो, खोड ठिसूळ होतं. स्फुरदाची पानं पिवळी न होता काळपट हिरवी, खालून जांभळट होतात. थंड मातीत रोपं तशी तात्पुरतीही होतात, तेव्हा खत टाकण्याआधी माती तापेपर्यंत थांबावं.

तर लिंबू: लोह. टोमॅटो: मॅग्नेशियम. पालक: नत्र. पण हे अंदाज झाले. पक्कं करायच्या आधी नक्कल करणाऱ्या गोष्टी वगळा.

पान पांढऱ्या कागदावर आपटा. पडलेले ठिपके चालू लागले तर ती कोळी ही रस शोषणारी कीड आहे, अन्नद्रव्याचा संबंध नाही. टोमॅटोच्या पिवळ्या भागात एकात एक वर्तुळं असलेले तपकिरी डाग दिसले तर तो करपा. पिवळेपणा पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखा नसून ठिगळाठिगळांचा, पान मुरडलेलं असेल तर विषाणूची शंका घ्या. कमतरता बहुधा सममित असते: मुख्य शिरेच्या डावीकडे जे दिसतं तेच उजवीकडे.

मग मुळी बघा. कुंडीच्या कडेने बोटभर माती उकरा. पांढरी, ताठ, टोकाला टवटवीत मुळी हवी. ती तपकिरी असेल, चिमटीत साल निसटून आतली दोरी हातात येत असेल, मातीला कुबट वास असेल, तर पाणी जास्त झालंय. अशा मुळीला जगातलं कोणतंही लोह उचलता येणार नाही, आणि वरचं पान हुबेहूब केवडा दाखवेल. मुळीवर गाठी असतील तर सूत्रकृमी. याच वेळी वाफसाही कळतो: मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा, आणि हात ओला होऊ नये.

आता खात्रीची चाचणी, हिला सात दिवस लागतात. एक लिटर उर्ध्वपातित किंवा पावसाच्या पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, मग ५ ग्रॅम हिराकस. क्रम उलटा करू नका. द्रावण फिकट हिरवट दिसलं पाहिजे. तांबूस किंवा गढूळ झालं तर लोहाचं ऑक्सिडीकरण झालं, ते ओतून द्या. बोअरच्या पाण्यात हे काही वेळातच होतं आणि मग लोक म्हणतात की हिराकसाचा गुण येत नाही. लिंबाचं एक पिवळं पान घ्या, मुख्य शिरेच्या एकाच बाजूला, खालून आणि वरून, कुंचल्याने हे द्रावण संध्याकाळी लावा. पानाला दोरा बांधून खूण करा. लोह पानात फारसं सरकत नसल्याने लावलेली बाजू हिरवी आणि दुसरी पिवळी असं अर्धं-अर्धं पान दिसलं तर निदान पक्कं. थेंबाथेंबांचे हिरवे ठिपके उमटले तरी उत्तर तेच.

टोमॅटोसाठी लिटरला १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम पानभर पसरतं, म्हणून अर्ध्या पानाची युक्ती इथे फसते. समोरासमोरच्या दोन पर्णिकांपैकी एक पूर्ण रंगवा, दुसरी तशीच ठेवा. पिवळं झालेलं पूर्ण हिरवं होईलच असं नाही. रंगवलेली पर्णिका जिथल्या तिथे थांबली आणि समोरची आणखी पिवळी झाली, तर तेच उत्तर समजा.

सामू_मोजा

वरच्या निदानाशी सहमत. मी फक्त मोजणीवर लिहितो, कारण इथला सगळा घोळ त्या ७ आकड्यात आहे.

दोन सळ्यांचा, बिनबॅटरीचा मीटर सामूसाठी वापरू नका. तो दोन वेगळ्या धातूंमध्ये निर्माण होणारा क्षीण प्रवाह दाखवतो, आणि तो प्रवाह ओलाव्याने व क्षारांनीही बदलतो. कोरडी माती, ओली माती, सगळीकडे ७ च्या आसपास काटा थांबणं हे त्याचं नेहमीचं वागणं.

वाफ्याची माती अशी मोजा. ८-१० जागांवरून वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंमी खोलीपर्यंतची माती काढा, एकत्र करा, सावलीत वाळवा, ढेकळं फोडून २ मिमीच्या चाळणीने चाळा. २० ग्रॅम मातीत ५० मिली उर्ध्वपातित पाणी घाला, काचेच्या कांडीने ढवळा, अर्धा तास ठेवा, अधूनमधून ढवळत राहा, आणि गाळ बसायच्या आत पेन मीटरने मोजा. मीटर त्याच दिवशी ७ च्या आणि ४ च्या प्रमाणित द्रावणात जुळवून घ्या. माती विम्लधर्मी (अल्कधर्मी, सामू ७ च्या वर) निघेल असं वाटत असेल तर ७ आणि ९ किंवा १० ची जोडी घ्या. वापरलेलं प्रमाणित द्रावण बाटलीत परत ओतू नका. मीटरचं टोक कोरडं पडलं किंवा उर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवलं तर ते बिघडतं. त्याला पोटॅशियम क्लोराईडचं साठवण द्रावणच लागतं.

बोअरचं पाणी घालून मोजलंत तर मातीऐवजी त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटचाच सामू वाचाल.

कुंडीसाठी उकरायची गरज नाही. नेहमीसारखं भरपूर पाणी द्या, तासभर निथळू द्या. मग कुंडीखाली स्वच्छ ताटली ठेवून वरून सावकाश उर्ध्वपातित पाणी ओता आणि तळातून येणारं पहिलं ५० मिली पाणी पकडा. त्याचा सामू आणि ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजा. लिंबाला सामू ६ ते ६.८ असेल तर छान. ईसी साधारण १ ते २.५ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या दरम्यान असावी. ४ च्या पुढे गेली तर मुळीच्या टोकांना क्षारांचा त्रास सुरू झालाय असं धरा.

त्यानंतर फेसाची चाचणी. चमचाभर कोरड्या मातीवर पांढऱ्या व्हिनेगरचे दहा-बारा थेंब टाका आणि कानाजवळ धरा. बारीक चुरचुर ऐकू आली तर थोडा मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) आहे. डोळ्यांना बुडबुडे दिसले तर भरपूर आहे. ही चाचणी सामूच्या आकड्याहून महत्त्वाची ठरते, कारण सामू खाली आणता येईल का आणि किती खर्चात, हे तिच्यावरून ठरतं. मुक्त चुना असलेली माती ७.८ ते ८.३ च्या आसपास अडून राहते. त्यात आम्ल घाला, चुना ते खाऊन टाकतो आणि सामू तिथेच राहतो.

शेवटची मोजणी पाण्याची. पाण्याचा नुसता सामू इथे फारसा कामाचा नाही. त्यातलं बायकार्बोनेट मोजा. मत्स्यटाकीसाठी मिळणारं केएच मोजायचं थेंबांचं किट चालतं: बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्यात रंग बदलेपर्यंत लागलेला एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला १७.९ मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी विम्लता. हे आकडे इथे टाका, मग पुढे बोलू.

कुंडीतली_बाग

मोजलं.

लिंबाची कुंडी: निथळाचा सामू ८.०, ईसी ३.८. व्हिनेगरने चुरचुर ऐकू येते, बुडबुडे दिसत नाहीत.
टोमॅटोचा वाफा: सामू ८.१, बुडबुडे स्पष्ट.
पालकाचा वाफा: ८.०, तसेच बुडबुडे.
बोअरचं पाणी: १८ थेंब.

लिंबाच्या पानाची रंगवलेली बाजू सहाव्या दिवशी हिरवी झाली, दुसरी तशीच. टोमॅटोची रंगवलेली पर्णिका थांबली, समोरची आणखी पिवळी झाली. मुळ्या पांढऱ्या आहेत, गाठी नाहीत, कागदावर काही चाललं नाही. दोन मीटरांतला फरक बघून धक्का बसला.

सामू उतरवायला गंधक घालू का? आणि पाण्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकलं तर चालेल का?

वाफसा

आकडे नीट घेतलेत, त्यामुळे आता हिशेब करता येतो.

१८ थेंब म्हणजे लिटरला सुमारे ३२० मिलीग्रॅम. लिंबाला रोज ३ लिटर पाणी देत असाल तर रोज जवळपास १ ग्रॅम चुना कुंडीत जातोय. १०० दिवसांत ९६ ग्रॅम. काही निथळून जातो, बाकी पाणी उडालं की मागे उरतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच थर मुळीभोवती बसतोय. त्यावर दर पंधरवड्याला राख. लाकडाच्या राखेत पोटॅशपेक्षा चुना कितीतरी जास्त असतो, आणि पाण्यात भिजवलेल्या राखेचा सामू १० च्या वर जातो. मातीत लोह बहुधा पुष्कळ असेल, पण सामू एक अंक वर गेला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते. हाडांच्या खताने आणखी भर घातली: ७ च्या वरच्या सामूत ते विरघळत नाही, आणि जे थोडं स्फुरद सुटतं ते लोह व जस्ताच्या वाटेत येतं. टरफलांची पूड या मातीत वर्षानुवर्षं तशीच पडून राहील. तेव्हा राख, हाडांचं खत आणि टरफलं या तिन्ही गोष्टी पूर्ण बंद.

आता गंधक. १ ग्रॅम गंधक जिवाणूंनी ऑक्सिडीकरण करून आम्ल झालं की सुमारे ३.१ ग्रॅम चुना संपवतं. टोमॅटोच्या वाफ्याचा विचार करा: एक चौरस मीटर, १५ सेंमी खोल, म्हणजे ढोबळ २०० किलो माती. त्यात ५ टक्के चुना धरला तर तो १० किलो झाला. तो संपवायलाच ३ किलोहून जास्त गंधक हवं, आणि त्यानंतर सामू उतरायला सुरुवात होईल. तेवढं गंधक घातलं तर मुळ्या क्षारांनी मरतील. म्हणून बुडबुडे देणाऱ्या जमिनीत अख्ख्या वाफ्याचा सामू बदलायचा नाद सोडा. तिथे जागेपुरते उपाय करायचे आणि ८ सामू सोसणारी पिकं घ्यायची. टोमॅटो आणि पालक ८ मध्ये नीट येतात, मॅग्नेशियम आणि नत्राचा तोल सांभाळला की झालं.

ज्या मातीत फेस अजिबात येत नाही, तिथे गंधकाला अर्थ आहे. ७.५ वरून ६.५ वर यायला वरच्या १५ सेंमी थरात चौरस मीटरला वालुकामय मातीत ५० ग्रॅम, पोयट्यात ७५, भारी मातीत १०० ग्रॅमच्या आसपास. बारीक भुकटी लागते, मातीत मिसळावी लागते, ऊब आणि ओलावा लागतो, आणि निकाल सहा-आठ आठवड्यांनी. नुसतं वर भुरभुरवून काही होत नाही. मात्रा घातल्यावर लगेच सामू मोजून दुसरी मात्रा घालणं ही सर्रास होणारी चूक: दोन महिन्यांनी दोन्ही मात्रा एकदम लागू होतात आणि सामू ४.५ वर कोसळतो. पाणी साचणाऱ्या जागी तर गंधक घालूच नये, हवा नसली की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू होतो आणि मुळ्या जातात.

तुमच्या कुंडीत चुरचुर आहे पण बुडबुडे नाहीत, म्हणजे ती सुधारण्याच्या टप्प्यात आहे. मात्र क्रम पाळा.

पहिल्या दिवशी क्षार धुवा. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी ४० लिटर, चार हप्त्यांत, प्रत्येक हप्त्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवून. कुंडी ताटलीत उभी नको, निथळ परत शोषला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा निथळ पकडून ईसी बघा, २ च्या आसपास आली की थांबा. या धुण्यात नायट्रेटही जातं, त्यामुळे पुढच्या आठवड्यात अर्धा किलो चांगलं मुरलेलं गांडूळखत द्या.

त्याच आठवड्यात फवारणी सुरू करा. लिटरला २.५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, फरशीपासून दूर, कारण डाग निघत नाहीत. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला नीट बसेल अशी. ८-१० दिवसांच्या अंतराने तीनदा. चाचणीत ५ ग्रॅम घेतलं होतं, पण अख्ख्या कोवळ्या पालवीवर तेवढं घेतलं तर टोकं काळी पडू शकतात.

फवारणी हा उसना हप्ता आहे. मुळीसाठी २० ग्रॅम हिराकस १ किलो मुरलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर करून दहा दिवस झाकून ठेवा. मग कुंडीच्या कडेने चार भोकं, प्रत्येकी १५ सेंमी खोल, त्यात हे खत ठासा आणि वरून माती लोटा. सगळ्या मातीत कालवू नका. एकगठ्ठा ठेवल्याने आजूबाजूच्या चुन्याशी संपर्क कमी येतो, खतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात आणि मुळी त्या गठ्ठ्यात स्वतःच शिरते.

गंधक यानंतर, महिन्याने, २० ग्रॅम वरच्या पाच-सात सेंमी मातीत खुरप्याने मिसळून. दोन महिन्यांनी निथळाचा सामू बघूनच पुढची मात्रा.

आणि पाणी बदललं नाहीत तर हे सगळं वाया जाईल. १०० दिवसांचा ९६ ग्रॅम चुना म्हणजे ३१ ग्रॅम गंधकाचा खुर्दा. एका हाताने घालाल ते बोअर दुसऱ्या हाताने काढून नेईल. लिंबासारख्या एक-दोन कुंड्यांना तरी पावसाचं पाणी साठवा. निम्मं-निम्मं मिसळलं तरी चुना निम्म्यावर येतो.

टोमॅटोचं कारण राखेतच आहे. पालाश आणि कॅल्शियम भरमसाठ झाले की मुळीच्या दारात मॅग्नेशियम मागे पडतं. राख बंद, लिटरला १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी आठवड्याच्या अंतराने तीनदा, आणि जमिनीत चौरस मीटरला २५ ग्रॅम एकदा, पाण्यात विरघळवून. सर्वात खालची दोन-तीन पानं फळांच्या भरात पिवळी होतातच, त्यांच्यावरून गुण आला की नाही ठरवू नका. वर सरकणं थांबलं की नाही ते बघा.

पालकाच्या वाफ्यात भुशाने नत्र बांधून टाकलंय. भुशात कार्बन नत्राच्या २०० ते ५०० पट असतो, तो कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० ला १ हे प्रमाण लागतं. उरलेलं नत्र ते मातीतून ओढतात. नत्र हरवलं नाहीये, जिवाणूंच्या अंगात आहे, पण पालकाच्या उपयोगाचं नाही. चौरस मीटरला १०० ग्रॅम पेंड, दळून, ओळींच्या मधे मातीत हलकेच मिसळा. ५ टक्के नत्राची पेंड असेल तर त्यातून ५ ग्रॅम नत्र मिळतं. पृष्ठभागावर ठेवू नका, अशा सामूत अमोनिया उडून जातो. पुढे भुसा फक्त वरून आच्छादन म्हणून वापरा, मातीत कालवायचा असेल तर आधी कुजवून.

हिराकसाबद्दल: बहुतेक सेंद्रिय मानकांत, कमतरता तपासणीतून दिसली असेल तर लोह, जस्त, मँगनीज यांची सल्फेट रूपं आणि मूलद्रव्य गंधक चालतं. प्रमाणपत्र असलेली लागवड असेल तर टाकण्याआधी प्रमाणन संस्थेची परवानगी घ्या. मग तुमच्या आजच्या नोंदी पुरावा म्हणून उपयोगी पडतील. कृत्रिम चिलेटचे (लोहासारखं द्रव्य धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या संयुगांचे) नियम वेगळे असतात, ते गृहीत धरू नका.

सामू_मोजा

व्हिनेगर आणि लिंबाच्या रसाचा प्रश्न राहिला.

मीटर लावून बघितलंत तर पाण्याचा सामू झटकन ६ वर आलेला दिसेल आणि काम झालं असं वाटेल. पण सायट्रिक आणि ॲसेटिक ही सेंद्रिय आम्लं जिवाणूंचं खाद्य आहेत. जिवंत मातीत ती काही दिवसांत खाल्ली जातात, आणि त्या प्रक्रियेत बायकार्बोनेट परत तयार होतं. म्हणजे पाण्यातला चुना काही दिवस लपतो, जात नाही. गंधकापासून बनणारं सल्फेट तसं खाल्लं जात नाही, म्हणून त्याचा परिणाम टिकतो. फवारणीच्या द्रावणात सायट्रिक आम्ल योग्यच आहे, तिथे ते काही तासांपुरतं लोह विरघळलेलं ठेवण्यासाठी आहे. रोजच्या पाण्यासाठी पावसाचं पाणी मिसळणं हाच टिकाऊ उपाय.

जिप्समही कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. जिप्सम कॅल्शियम आणि गंधक देतं, चुनखडीच्या जमिनीचा सामू उतरवत नाही. त्याचं काम चोपण जमिनीत, जिथे सोडियम हाकलायचा असतो.

प्रयोगशाळेत माती पाठवणार असाल तर नेहमीच्या तपासणीबरोबर मुक्त चुना आणि डीटीपीए पद्धतीने सूक्ष्म अन्नद्रव्यं मागा. किलोला लोह ४.५ मिलीग्रॅम आणि जस्त ०.६ मिलीग्रॅम या रेषेच्या खाली असेल तर खरी टंचाई. लोहासाठी पान तपासणीवर मात्र विसंबू नका: चुनखडीच्या जमिनीतलं पिवळं पान पुष्कळदा हिरव्या पानाइतकंच एकूण लोह दाखवतं. ते लोह पानात निष्क्रिय पडलेलं असतं. अशा वेळी तुम्ही केलेली अर्ध्या पानाची चाचणी अहवालापेक्षा खरी.

मातीत_हात

धाग्यातच विचारतो. माझ्या टोमॅटोच्या फळांचं बूड काळं पडतंय, कॅल्शियम कमी म्हणून टरफलं घालत होतो. मातीला फेस येतो. मग कॅल्शियम कमी कसं?

पांढरी_मुळी

मातीत कमी नाही, फळात कमी पोहोचतंय. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातं आणि पानं जास्त पाणी ओढतात, फळ थोडं. माती कोरडी पडून एकदम भिजली, किंवा ताजं शेणखत अथवा जास्त पेंड घातल्याने अमोनियम वाढलं, की फळाच्या टोकाला आधी फटका बसतो. पाणी रोज ठरावीक द्या, ५ सेंमी आच्छादन करा, वाफा वाफशावर राहील असं बघा, काळी फळं तोडून टाका. टरफलं बंद. पुढच्या घोसाची फळं बोराएवढी झाली की त्यांचं बूड तपासा, बदल तिथेच दिसेल.

कुंडीतली_बाग

सगळं टिपून घेतलं, मनापासून आभार. राख आजपासून बंद. एकच शंका: लिंबाचा गुण आला हे कधी आणि कुठे बघायचं? आणि कुंडी बदलावी का?

वाफसा

फवारलेली पानं हिरवी झाली त्यावरून काहीच ठरवू नका, ते फवारणीचं काम. तिसऱ्या फवारणीनंतर थांबा, आणि त्यानंतर फुटलेल्या पालवीचं वरून तिसरं पान बघा. ते पूर्ण उघडल्यावर हिरवं निघालं तर लोह मुळीतून येतंय. पुन्हा जाळी दिसली तर मुळीभोवतीचा सामू अजून उतरलेला नाही. आधीच पांढरट होऊन करड्या टोकांची झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत. पण ती उपटू नका, थोडं हिरवं असेल तोवर ती कामाला येतात.

दोन महिन्यांनी निथळाचा सामू ७.३ च्या वरच असेल तर कुंडी बदलणं गंधकापेक्षा सोपं. पालवी फुटायच्या आधी झाड काढा, गोळ्याच्या बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी सोडवा. मुळ्यांवर पांढरी पूड चिकटलेली दिसेल, ती पावसाच्या पाण्याने धुवा. नव्या मिश्रणात फेस न देणारी माती दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, मुरलेलं गांडूळखत एक भाग. भरण्याआधी मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून ऐका. कोकोपीट तीनदा भिजवून पिळा आणि शेवटच्या पाण्याची ईसी ०.५ च्या खाली आली की मगच वापरा. बदलल्यावर तीन आठवडे गंधकही नको आणि जमिनीतून हिराकसही नको, नवी मुळी फुटू द्या.